जुना रेंजफाइंडर घ्यायचाय? आधी तो पिवळा पॅच बघा

जुना कॅमेरा विकत घेणारा नवखा माणूस आधी त्याची चकाकी बघतो. क्रोम शाबूत आहे का, वरचं कातडं सुटलंय का, सोबत मूळ केस आहे का. रेंजफाइंडर, म्हणजे दोन चित्रं जुळवून फोकस करायचा फिल्म कॅमेरा, घेताना हे सगळं शेवटी बघायचं. कॅमेरा हातात आला की तो थेट डोळ्याला लावा. व्ह्यूफाइंडरच्या मधोमध एक छोटा पिवळसर पॅच दिसायला हवा, आणि लेन्सची कडी फिरवली की त्या पॅचमधलं चित्र आडवं सरकायला हवं. पॅच दिसत नसेल, किंवा दिसतो पण त्यातलं चित्र जागचं हलत नसेल, तर बाहेरून कितीही देखणा असला तरी तो कॅमेरा खाली ठेवा.

असं का, हे कळायला आतली रचना थोडी समजून घ्यावी लागेल. या कॅमेऱ्याच्या पुढच्या बाजूला दोन खिडक्या असतात, एक मोठी आणि एक लहान. मोठ्या खिडकीतून तुम्ही दृश्य बघता. लहान खिडकीतून आलेलं तेच दृश्य आतल्या आरशावरून वळून मोठ्या खिडकीतल्या दृश्याच्या मध्यावर पडतं. तोच तो पॅच. दोन खिडक्यांमध्ये अंतर असल्यामुळे दोन चित्रं एकमेकांपासून थोडी सरकलेली दिसतात. कडी फिरवता फिरवता ती एकमेकांवर तंतोतंत बसली की त्या वस्तूचं अंतर मोजलं गेलं आणि लेन्स त्याच अंतरावर आली. कॅमेऱ्यातच बसवलेला आणि लेन्सशी जोडलेला असा रेंजफाइंडर लायका २ आणि काँटॅक्स या दोन जर्मन कॅमेऱ्यांनी १९३२ साली आणला. १९५४ च्या लायका एम३ ने तो फारच वरच्या दर्जाला नेला. पुढे १९५९ मध्ये निकॉन एफ आला आणि व्यावसायिक फोटोग्राफर एसएलआरकडे, म्हणजे आरशाच्या मदतीने थेट लेन्समधूनच बघायच्या कॅमेऱ्याकडे, वळू लागले. पण घरगुती वापरासाठी जपानी कंपन्यांनी साठ-सत्तरच्या दशकांत न निघणारी लेन्स असलेले उत्तम रेंजफाइंडर काढले, आणि आज नवख्या माणसाने घ्यावेत ते हेच.

घेण्याआधी आपल्याला काय काढायचंय ते ठरवा. पक्षी, फुलांचे अगदी जवळून फोटो, स्टेडियममधून काढलेला खेळाडू, यांतलं काही मनात असेल तर एसएलआर घ्या. या जपानी रेंजफाइंडरना ८० सेंटिमीटरपेक्षा जवळ फोकस करता येत नाही आणि लेन्स बदलता येत नाही. पण रस्त्यावरची माणसं, घरातले समारंभ, प्रवास, गप्पा मारणारे मित्र यासाठी इतकं सोयीचं यंत्र दुसरं नाही. आत वर-खाली होणारा आरसा नसल्याने फोटोच्या क्षणी डोळ्यासमोर अंधार येत नाही. शटर जेमतेम ऐकू येतं. हात स्थिर असेल तर १/३० सेकंदावर, कधी १/१५ वरसुद्धा हलला नाही असा फोटो मिळतो. शिवाय चौकटीच्या बाहेरचंही दिसतं, त्यामुळे चौकटीत आता कोण शिरणार आहे ते आधीच कळतं.

कुठला घ्यावा

आपल्याकडे जुन्या बाजारात यशिकाचं नाव हमखास ऐकू येतं. मात्र यशिका लिहिलेला प्रत्येक कॅमेरा रेंजफाइंडर नसतो. एमएफ-२ हा त्याच कंपनीचा प्लॅस्टिकचा साधा कॅमेरा, त्याच्यात पॅच वगैरे काही नाही. तुम्ही शोधायचा तो यशिका इलेक्ट्रो ३५. तो १९६६ मध्ये आला आणि त्याचं जीएसएन हे रूप १९७३ पासूनचं. ४५ मि.मी. एफ/१.७ ची सुरेख लेन्स, आकाराने दांडगा, आणि वापरायला अगदी सोपा: लेन्समधलं छिद्र (एफचा आकडा जितका लहान तितकं ते मोठं) तुम्ही ठरवायचं, शटरचा वेग कॅमेरा ठरवतो. अडचण एकच. शटर विजेवर चालतं. बॅटरी संपली की फक्त १/५०० हा एकच वेग उरतो.

माझी पहिली पसंती कॅनोनेट क्यूएल१७ जी-३ ला आहे. १९७२ चं हे मॉडेल, ४० मि.मी. एफ/१.७, इलेक्ट्रोपेक्षा बरंच लहान. याचं शटर पूर्ण यांत्रिक आहे. बॅटरी फक्त प्रकाश मोजणाऱ्या मीटरला लागते, त्यामुळे मीटर मेलेला असला तरी १/४ पासून १/५०० पर्यंतचे सगळे वेग हाताने लावून वापरता येतात. पन्नास वर्षं जुन्या वस्तूच्या बाबतीत हा गुण मला सगळ्यात मोलाचा वाटतो. खिशात मावेल असा हवा असेल तर ऑलिंपस ३५ आरसी बघा. त्याची लेन्स ४२ मि.मी. एफ/२.८ ची आहे.

सोव्हिएत झॉर्की-४ आणि फेड स्वस्तात मिळतात. लेन्स बदलता येते आणि ज्युपिटर-८ ही त्यांची ५० मि.मी. लेन्स खरोखर चांगली आहे. पण झॉर्कीत शटरचा वेग बदलायच्या आधी शटर चढवावं, म्हणजे फिल्म पुढे नेऊन तयार ठेवावं लागतं. न चढवता वेगाची चकती फिरवली तर आतली यंत्रणा बिघडू शकते. नवख्याच्या हातून हे हमखास घडतं, म्हणून पहिला कॅमेरा म्हणून नको. आणि सोनेरी मुलाम्याचा, जर्मन वायुसेनेचं चिन्ह कोरलेला 'दुर्मीळ लायका' कोणी दाखवला तर तो जवळजवळ नक्कीच फेड किंवा झॉर्कीवर केलेली नक्कल असतो. खऱ्या एम३ ची नुसती बॉडीच लाखाच्या घरात जाते. ती हौस नंतर.

हातात घेऊन तपासणी

शक्यतो कॅमेरा प्रत्यक्ष बघून घ्या. मुंबईचा चोर बाजार, पुण्याचा जुना बाजार, बंद होणारे फोटो स्टुडिओ, नातेवाइकांची कपाटं, ही सगळी ठिकाणं धुंडाळण्यासारखी आहेत. ऑनलाइन घेताना वर्णनात 'चालू आहे की नाही तपासलेला नाही' असं असेल तर तो बंद आहे असं धरूनच किंमत करा. जपानहून मागवत असाल तर आयातशुल्क धरून हिशोब मांडा, नाहीतर स्वस्तातला कॅमेरा दारात पोचेपर्यंत महाग होतो.

सोबत मोबाइलचा टॉर्च, मोजपट्टी आणि कॅमेऱ्याला लागणारी बॅटरी न्या.

पॅच दिसला, हलला, तर पुढची पायरी. कडी अनंताच्या खुणेपर्यंत फिरवा आणि खूप लांबची उभी रेषा बघा: मोबाइल टॉवर, उंच इमारतीची कड, निदान अर्धा किलोमीटर लांबचं काहीतरी. दोन्ही चित्रं एकावर एक बसली पाहिजेत. मग मोजपट्टीने एक मीटर मोजून तिथे एखादी वस्तू ठेवा, पॅचमध्ये जुळवा आणि कडीवरचा आकडा वाचा. लांबचं जुळतंय पण जवळचं नाही, किंवा उलट, तर रेंजफाइंडर जुळवून घ्यावा लागेल. चित्रं आडवी जुळतात पण एक थोडं वर, एक खाली राहतं, असंही पुष्कळदा दिसतं. त्याने फोकस चुकत नाही, पण रोज डोळ्याला त्रास होतो. दोन्ही दोष दुरुस्त होणारे आहेत, किंमत करताना बोलून दाखवायचे. पॅच फिका असेल तर मोठ्या खिडकीच्या बाहेरून, बरोबर मध्यावर काळ्या टेपचा अगदी लहान तुकडा लावून बघा. मागचं चित्र तेवढ्या जागी गडद होतं आणि पॅच उठून दिसतो. वरचं झाकण उघडून आतली अर्धपारदर्शक काच अल्कोहोलने पुसायला मात्र कोणाला देऊ नका. तिच्यावरचा मुलामा निघून गेला की पॅच कायमचा गेला.

आता लेन्स. छिद्र एफ/१.७ वर पूर्ण उघडा, मागचं दार उघडा, शटर 'बी' वर (बटण दाबलेलं असेपर्यंत उघडं राहणारा वेग) ठेवून दाबून धरा आणि मागून टॉर्च मारून समोरून तिरकं बघा. इलेक्ट्रोमध्ये 'बी' सुद्धा बॅटरीशिवाय उघडं राहत नाही, म्हणून तर बॅटरी सोबत न्यायची. धुळीचे चार कण असले तरी फोटोत काहीही दिसत नाही, त्यांच्याकडे दुर्लक्ष करा. शोधायची ती बुरशी, कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक फाटे फुटलेले पांढरे तंतू. कोकणात, मुंबईत, गोव्यात चार महिने हवेत जो दमटपणा असतो त्यात चामड्याच्या केसमध्ये बंद ठेवलेल्या कॅमेऱ्याला बुरशी धरणारच. काठावर थोडी असेल तर साफ होते. मधोमध पसरलेली असेल तर तिने काचेवरचं कोटिंग खाल्लेलं असू शकतं आणि मग पुसूनही डाग राहतो. विक्रेता 'पुसलं की जाईल' म्हणाला तर आधी पुसून द्या म्हणावं. टॉर्चच्या उजेडात काच धुक्यासारखी दिसली तर उन्हात काढलेले फोटो फिके येतील.

शटरची तपासणी कानाने होते. कॅनोनेटमध्ये १/४, १/८, १/१५ असे वेग क्रमाने लावा आणि ऐका. प्रत्येक पायरीला आवाज आखूड होत गेला पाहिजे. हळू वेगांवर शटर अडकत असेल तर पात्यांवर तेल आलंय किंवा ग्रीस सुकलंय. झॉर्की, फेड, लायका यांचं शटर कापडी पडद्याचं असतं. त्यांच्या पडद्यावर टॉर्च मारून भोकं बघा. आणि असा कॅमेरा तुमच्याकडे आला तर लेन्सवर टोपण न लावता सूर्याकडे तोंड करून कधीही ठेवू नका, लेन्समधून एकवटलेलं ऊन पडद्याला भोक पाडतं.

इलेक्ट्रो ३५ ची एक खास परीक्षा आहे. फिल्म पुढे नेणारा लिव्हर सावकाश पूर्ण ओढा आणि कान द्या. आतून स्पष्ट 'टक्' असा आवाज यायला हवा. आत रबराचा एक छोटा पॅड असतो. तो वयोमानाने विरघळला की हा आवाज नाहीसा होतो आणि मीटर वाट्टेल ते दाखवू लागतो. पॅड बदलता येतो, पण त्यासाठी कॅमेरा बराच खोलावा लागतो. 'टक्' ऐकू आला की बॅटरी घाला आणि मागचं बटण दाबा, हिरवा दिवा लागायला हवा. मग शटरचं बटण अर्धवट दाबून कॅमेरा आधी खिडकीकडे, मग टेबलाखालच्या अंधाराकडे धरा. छिद्र मोठं असताना उजेडात लाल दिवा लागला पाहिजे, अंधारात पिवळा. हे सगळं जमलं तर बिनधास्त घ्या, क्रोमवर चार ओरखडे असले तरी.

बॅटरी आणि फोम

हे कॅमेरे बनले तेव्हा पाऱ्याच्या बॅटऱ्या सर्रास मिळायच्या. आता त्या बंद झाल्या आहेत. कॅनोनेटची मूळ बॅटरी १.३५ व्होल्टची. तिच्या जागी श्रवणयंत्राची ६७५ नंबरची झिंक-एअर बॅटरी चालते. ती १.४ व्होल्टची असते, औषधाच्या दुकानात मिळते, आकाराने थोडी लहान पडते म्हणून भोवती रबराची कडी बसवायची. वरचा स्टिकर काढला की ती वापरा न वापरा, काही महिन्यांत संपते. इलेक्ट्रोला मूळची ५.६ व्होल्टची लागायची. आजची ६ व्होल्टची ४एलआर४४ तिला चालते, कागदाची गुंडाळी आणि एक स्प्रिंग घालून जागेवर बसवायची. बॅटरीच्या खोबणीत हिरवट-पांढरा थर असेल तर व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने पुसा. पुसल्यावरही वीज पोचत नसेल तर खालची तार सडलेली असते. ती नव्याने जोडून घ्यावी लागते.

मागच्या दाराच्या खाचांतला काळा फोम बोट लावलं की डांबरासारखा चिकटतो. जवळजवळ प्रत्येक जुन्या कॅमेऱ्याचं हेच होतं, त्यामुळे त्यावरून कॅमेरा नाकारू नका. टूथपिक आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने जुना फोम काढा, खाचांत काळी लोकर दाबून बसवा, बिजागरीपाशी काळ्या मखमलीची पट्टी चिकटवा. संध्याकाळभराचं काम आहे. ते टाळलंत तर फोटोंवर केशरी पट्टे येतील.

पहिला रोल

मुदत संपलेला रोल पहिल्यांदा वापरू नका. जुन्या बाजारात कधी उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा 'इंदू' रोल हाती लागतो. तो जपून ठेवण्यासारखा आहे, पण कॅमेरा तपासण्यासाठी नाही. दोष कॅमेऱ्याचा की फिल्मचा ते कळणारच नाही. आता आपल्याकडे फिल्म बाहेरूनच येते आणि स्वस्त नाही, म्हणून रोल विचारपूर्वक निवडा.

आपल्या उन्हाचा इथे विचार करावा लागतो. या कॅमेऱ्यांचा सगळ्यात जलद वेग १/५००. आयएसओ ४०० ची (हा आकडा जितका मोठा तितका फिल्मला प्रकाश कमी पुरतो) फिल्म घालून एप्रिलच्या दुपारी बाहेर पडलात तर एफ/१६ शिवाय पर्याय उरत नाही आणि एफ/१.७ ची लेन्स घेऊन उपयोग काय झाला? उन्हाळ्यात बाहेरच्या फोटोंसाठी १०० किंवा २०० ची फिल्म घ्या, उदाहरणार्थ कोडॅक गोल्ड २००. पावसाळ्यात, घरात, संध्याकाळी ४०० ची, इल्फर्ड एचपी५ प्लससारखी.

रोल सावलीत भरा. डबी डावीकडे बसवा, फिल्मची जीभ उजव्या रिळात अडकवा, दातांवर भोकं बसलीत याची खात्री करा आणि दार बंद करा. कॅनोनेटमध्ये जीभ लाल खुणेपर्यंत ओढून दार लावलं की बाकीचं आपोआप होतं, नावातलं क्यूएल, म्हणजे क्विक लोडिंग, त्यासाठीच आहे. पुढे एक गोष्ट विसरू नका: लिव्हर ओढताना डावीकडची रोल गुंडाळायची कळ फिरतेय का ते बघा. ती फिरत असेल तरच फिल्म सरकतेय. फिरत नसेल तर छत्तीस फोटो काढूनही रोल कोराच राहील. दोन क्लिक रिकामे सोडा आणि आयएसओचा आकडा लावा.

टोपण काढायचं लक्षात ठेवा. तुम्ही लेन्समधून बघत नसता, त्यामुळे टोपण लावलेलं असलं तरी दृश्य स्वच्छ दिसतं. कॅनोनेटचं मीटर लेन्सच्या कडीतच असल्याने टोपण लावून 'ऑटो'वर शटर पडतच नाही. इलेक्ट्रोचं मीटर वर, वेगळ्या जागी आहे. तो काही बोलणार नाही. याच कारणाने इलेक्ट्रोवर रंगीत फिल्टर लावलात तर आयएसओ बदलून भरपाई करावी लागते, कॅनोनेटवर लागत नाही.

फोकस करताना पॅचमध्ये उभी रेष शोधा: दाराची चौकट, शर्टाची कड, माणसाच्या चेहऱ्यात डोळ्याची कड किंवा नाक. सपाट भिंतीवर पॅच काहीच सांगत नाही. एफ/१.७ वर ८० सेंटिमीटरला फोकसची खोली जेमतेम ३ सेंटिमीटर असते. फोकस करून तुम्ही किंचित पुढे झुकलात तरी डोळे सुटून कान स्पष्ट येतात. म्हणून जवळच्या चेहऱ्याला एफ/४ ठेवा.

रस्त्यावर मात्र दर वेळी पॅच जुळवत बसू नका. इलेक्ट्रोवर एफ/८ आणि ५ मीटर लावलं की साधारण ३ ते १२ मीटरमधलं सगळं पुरेसं स्पष्ट येतं. मग फक्त बघायचं आणि बटण दाबायचं. त्यासाठी अंतराचा अंदाज हवा, आणि तो सवयीने येतो. चहाच्या टपरीवर उभे असताना समोरचा बाक किती लांब आहे ते मनात धरा, मग पॅचमध्ये जुळवून कडीवर वाचा. काही आठवड्यांत तुमचा अंदाज आणि कडी जुळायला लागतात. या कॅमेऱ्याची खरी मजा मला तिथून पुढे सुरू होते असं वाटतं, कारण हात आपोआप कडी फिरवतो आणि डोळा मोकळा राहतो.

मीटर बंद असला तरी काम अडत नाही. लख्ख उन्हात एफ/१६ आणि शटरचा वेग आयएसओच्या आकड्याएवढा: १०० ला १/१२५, ४०० ला १/५००. ऊन मळभट असेल तर एफ/११, ढग पांढरे असतील तर एफ/८, दाट ढग किंवा मोकळी सावली असेल तर एफ/५.६ किंवा त्याहून एक पायरी मोठं छिद्र. शंका आली तर प्रकाश थोडा जास्त द्या. निगेटिव्ह फिल्म जास्त प्रकाश सहन करते, कमी प्रकाश नाही. इलेक्ट्रोची बॅटरी भर उन्हात संपली आणि आत ४०० ची फिल्म असेल तर एफ/१६ लावा आणि काढत राहा, उरलेला १/५०० हा वेग तिथे अगदी बरोबर बसतो.

पहिल्या रोलमधले आठ-दहा फोटो तपासणीला द्या. कपाटातल्या पुस्तकांच्या ओळीकडे तिरकं उभं राहून एका ठरलेल्या पुस्तकावर फोकस करा आणि एफ/१.७ वर काढा. लांबच्या इमारतीचा एक काढा. प्रत्येक शटर वेगावर एकेक काढा. वहीत क्रमांक, वेग, छिद्र, अंतर लिहून ठेवा, कारण रोल धुऊन येईपर्यंत काहीही आठवत नाही.

रोल संपला की लिव्हर अडतो. जोर लावू नका. तळाचं बटण दाबा, कळ बाणाच्या दिशेने फिरवा, एकदम सैल लागली की मगच दार उघडा.

धुणं आणि जपणं

रंगीत निगेटिव्ह धुणाऱ्या लॅब आता मोजक्या शहरांत उरल्या आहेत. बाहेरगावच्या मंडळींना कुरियरने पाठवावं लागतं. जवळची लॅब फक्त रंगीत धूत असेल आणि तुम्हाला कृष्णधवल हवं असेल तर इल्फर्ड एक्सपी२ सुपर घ्या, ती रंगीत फिल्मच्या रसायनांतच धुतली जाते. बाकी कृष्णधवल घरी धुणं फार अवघड नाही. एचपी५ प्लस ४०० वर काढलेली असेल तर पातळ न केलेल्या डी-७६ डेव्हलपरमध्ये २० अंशाला साडेसात मिनिटं. आपल्याकडे मे महिन्यात नळाचं पाणी त्याहून बरंच गरम असतं, म्हणून रसायनाची बाटली बर्फाच्या पाण्यात ठेवून थर्मामीटरने बघत आणायची. लॅबला देताना निगेटिव्ह परत हव्यात हे लिहूनच द्या. नुसते स्कॅन घेऊन निगेटिव्ह सोडून देणारे बरेच जण पुढे हळहळतात.

निगेटिव्ह हातात आल्या की वही काढा. पुस्तकांच्या ओळीत ठरलेल्या पुस्तकाऐवजी पुढचं-मागचं स्पष्ट आलं असेल तर रेंजफाइंडर जुळवून घ्या, आणि दुरुस्तीला देताना ती फ्रेम सोबत द्या. नुसतं 'फोकस चुकतो' म्हटलं तर कारागिराला पत्ता लागत नाही, फ्रेम बघितली की किती आणि कुठल्या बाजूला सरकवायचं ते कळतं.

कॅमेरा चामड्याच्या केसमध्ये ठेवू नका. स्वयंपाकघरातला हवाबंद डबा, त्यात सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर: काटा ४० ते ५० टक्क्यांत राहिला पाहिजे. तांदळात ठेवायचा सल्ला कोणी देतं, पण तांदळाची पूड आत जाते. जेलने रंग बदलला की मंद आचेवर तापवून पुन्हा वापरता येतं. मोटारीत, विशेषतः उन्हाळ्यात, कॅमेरा सोडू नका. पात्यांवर तेल उतरतं ते उष्णतेनेच. आणि महिन्यातून एकदा, आत रोल नसेल तेव्हा, डब्यातून काढून सगळ्या वेगांवर शटर पाच-सहा वेळा चालवा, लेन्स खिडकीच्या उजेडात धरून एकदा बघा, मग परत ठेवा.